रात्री दहा ते सकाळी सहा

जागा असेपर्यंत माझ्या दादाचा श्वास चालत होता. झोप लागली की तो थांबू शकत होता. इतकं साधं होतं ते, दोन वाक्यांत मावणारं. ही दोन वाक्यं इस्पितळात कुणी माझ्याकडे बघून मराठीत सांगितली असती, तर त्या दुपारी मी त्याला झोपू दिलं नसतं. कुणी सांगितली नाहीत. त्याचं तेरावं झाल्यावर मीच ती शोधून काढली, शब्दकोश शेजारी घेऊन, एकेका परिच्छेदाला एकेक सकाळ घालवून.

गिरगावातल्या एका वाचनालयात मी सदतीस वर्षं नोकरी केली. समोरच्याला कुठलं पुस्तक हवं आहे, हे त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळायचं. घरच्या माणसासाठी मात्र मी वेळेवर काहीच वाचलं नाही. इस्पितळाने हातात दिलेला एक कागद तेवढा वाचला, आणि त्यावर जे लिहिलं होतं ते तंतोतंत पाळलं. राग येतो तो या पाळण्याचाही येतो.

आम्ही लालबागचे. वडील गिरणीत होते, आणि माझ्या आठवणीत तरी कायम तिसऱ्या पाळीला. रात्री आम्ही अंथरुणं घालायचो तेव्हा ते सदरा चढवत असायचे. सकाळी आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ते परत आलेले असायचे, केसांत कापसाचे तंतू घेऊन. आंघोळ करायचे, भाकरी खायचे आणि झोपायचे. खोली एकच. त्यामुळे आई एक करायची. त्यांचा आंघोळीचा ओला पंचा दाराच्या बाहेरच्या कडीला गाठ मारून बांधायची. आमच्या मजल्यावर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: आत तिसऱ्या पाळीचा माणूस झोपला आहे. मग दार कुणी वाजवायचं नाही. भाजीवाली आमच्या दाराशी न ओरडता पुढे जायची. मुलं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला खेळायला जायची. अशा तीन-चार खोल्या होत्या, आणि काही सकाळी तीन-चार कड्यांना पंचे लटकलेले दिसायचे.

आत आम्ही दोघं भावंडं. पातेल्यावरचं झाकण आवाज न करता कसं उचलायचं, ट्रंक कशी उघडायची, शिंक कशी दाबायची, हे मी अक्षरं शिकण्याआधी शिकले. एकदा माझ्या हातून तांब्या पडला. वडील उठून बसले. नुसते भिंतीकडे बघत बसले, आणि परत त्यांना झोप लागली नाही. आईने मला गॅलरीत नेऊन एक ठेवून दिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "झोप मोडलेल्या माणसाचा हात जातो मशीनमध्ये. कळलं?" कळलं. इतकं कळलं की पुढच्या पन्नास वर्षांत मी कुठल्याही झोपलेल्या माणसाला उठवलं नाही. पुस्तकांची सवयही मला तिथूनच लागली. त्या खोलीत आवाज न करता करण्यासारखं तेवढंच होतं.

दादाला ते जमलं नाही. तो सुटला की धावत दादरच्या समुद्रावर जायचा. पुढे तो पोहायला शिकवणारा मास्तर झाला. तलावाच्या काठावर चड्डी आणि शिट्टी एवढ्या ऐवजावर त्याने सगळं आयुष्य काढलं. दोन पिढ्यांना त्याने श्वास घ्यायला शिकवलं. तोंड वर काढून घ्यायचा, पाण्यात नाकाने सोडायचा, मोजून. घाबरलेल्या मुलांना तो एकच गोष्ट सांगायचा: "पाणी कुणाच्या बापाचं नाही, पण श्वास तुझा आहे. तो तुझ्या हातात आहे." लग्न दोघांनीही केलं नाही. आईवडील गेल्यावर त्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्याचा आवाज मोठा होता, माझा नव्हताच, आणि त्यामुळे आमचं बरं चाललं.

गेल्या वर्षी माघात त्याला एका सकाळी चक्कर आली. उलटी झाली. चालताना तो डावीकडे झुकायला लागला, जणू कुणी त्या बाजूने सदरा ओढतं आहे. आणि उचकी लागली. तासभर नाही, दोन दिवस.

शेजारच्या खोलीतल्या काकी दारात उभ्या राहून हसल्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या आहेत, मालवणच्या, आमच्या आईच्या मैत्रीण. "ह्या वयात तुझी कोण आठवण काढता रे? खंयची ती?"

"तलावावरच्या सगळ्या पोरी, काकी," दादा म्हणाला. "आता आज्या झाल्यात, पण विसरत नाहीत."

त्याचा आवाज घोगरा झाला होता. आम्ही तिघंही हसलो. मीही हसले, हे लिहून ठेवते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याला पाण्याचा घोट गिळता येईना, तेव्हा आम्ही टॅक्सीत घालून इस्पितळात नेला.

तिथे कळलं की मेंदूत गुठळी झाली आहे. मेंदूच्या मोठ्या भागात नाही, खाली, जिथे मेंदू निमुळता होत मानेच्या मणक्यात उतरतो तिथे. देठ म्हणावं अशी ती जागा. चक्कर, उचकी, घोगरा आवाज, गिळणं, तोल, सगळ्याच्या वाटा तिथून अगदी जवळजवळ जातात, अंगठ्याएवढ्या जागेतून. दोन दिवस आम्ही ज्या उचकीवर हसलो ती त्या देठातून येत होती.

पहिले काही दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तिथे लक्षात आलं की झोपला की त्याच्या रक्तातला प्राणवायू खाली येतो. बोटाला लावलेला चिमटा ओरडायला लागायचा, नर्स येऊन त्याला हलवायची, तो डोळे उघडायचा आणि आकडा वर चढायचा. म्हणून त्याला नाकातोंडावर बसणारा मास्क लावला, ज्यातून मशीन हवा ढकलतं. मग त्याला साध्या वॉर्डात आणलं. वॉर्डात तो चालायला लागला, एका हाताने भिंत धरून. बोलायला लागला. आणि तिथे त्याने तो पराक्रम केला.

वॉर्डाची डॉक्टर तिशीच्या आतली मुलगी होती. तिच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर होते. तिने छातीला नळी लावली आणि म्हणाली, "आजोबा, श्वास घ्या. आता रोखून धरा बघू."

"किती वेळ?"

"जमेल तेवढा."

चूक तिची नाही, असा प्रश्न पोहण्याच्या मास्तरला विचारायचा नसतो. दादाने मान ताठ केली, डोळे मिटले आणि श्वास धरला. शिकाऊ मुलांपैकी एकाने घड्याळात बघायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. बऱ्याच वेळाने डॉक्टरच म्हणाली, "बास, बास आजोबा."

दादाने सावकाश श्वास सोडला. धाप नाही, काही नाही. "अजून शिल्लक होता," तो म्हणाला.

सगळे हसले. डॉक्टर म्हणाली, "तुम्हीच आम्हाला शिकवा आता." दादा त्या दिवशी दुप्पट जेवला. रात्रभर मास्क लावून पडणारा माणूस दिवसा त्या मुलांना हरवत होता. मलाही वाटलं, आता आपण यातून निघालो.

आज मला माहीत आहे की ते निघणं नव्हतं. श्वास रोखला की रक्तात कर्बवायू साठतो, आणि देठाच्या पुढच्या अंगाला काही पेशी असतात ज्यांना तो साठलेला लगेच कळतो. त्या आरडाओरडा करतात. छाती फुटेल असं वाटतं ते त्यांच्यामुळे. चांगला पोहणारा सुद्धा शेवटी त्यांच्यापुढे हरतो. दादाच्या त्या पेशी मुक्या झाल्या होत्या. म्हणून त्याला धाप लागली नाही, म्हणून अजून शिल्लक होता. आम्ही सगळ्यांनी त्याच्या जखमेचं कौतुक केलं. तिथे उभ्या असलेल्या तिघांनी यासाठी परीक्षा दिल्या होत्या. माझा राग तिथून सुरू होतो.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर घाईत होती. वॉर्डात तिची वाट बघणारी दहा माणसं होती, ते मला दिसत होतं. तिने औषधं सांगितली, पथ्य सांगितलं, आणि मशीनबद्दल म्हणाली, "दिवसा ते ठीक आहेत. रात्री मशीन चुकवू नका."

मी विचारलं, "किती वाजता लावायचं आणि किती वाजता काढायचं?"

तिने कागदावर लिहिलं: मास्क, रात्री दहा ते सकाळी सहा.

हा प्रश्न मी का विचारला हे मला नीट कळतं. आमच्या घरात प्रत्येक कामाला सुरू व्हायची आणि सुटायची वेळ होती. पाळी म्हटली की वेळ आलीच. मशीनचीही पाळी लागली, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. तिसरी पाळी. मी विचारलं तेवढंच तिने सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दहाच्या ठोक्याला मास्क लावायचे, सहाला काढायचे. एक दिवस पाच मिनिटं इकडेतिकडे झाली नाहीत. दादा चिडवायचा. "बाय, भोंगा व्हायचा बाकी आहे फक्त." मी म्हणायचे, "गप पड." नऊ दिवस असे गेले. दुपारी तो झोपला नाही, कारण कुणी ना कुणी भेटायला यायचं. कधी तलावावरचे जुने विद्यार्थी, कधी काकी पेजेचं भांडं घेऊन. त्या नऊ दिवसांत तो वाचला तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गप्पांनी, माझ्या काळजीने नाही, हे आता दिसतं.

दहाव्या दिवशी कुणी आलं नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून मजल्यावरची मुलं तेवढी गॅलरीत होती. दादा खुर्ची घेऊन दारात बसला आणि त्यांना श्वास रोखायची शर्यत लावली. सगळ्यांनी एकदम धरायचा, सोडेल तो बाद. मुलं एकेक करून फुटत होती, हसत होती, आणि मग राहिलेल्या दादाभोवती उभं राहून मोठ्याने आकडे म्हणत होती. साठ, सत्तर, ऐंशी. मी आत डाळ घोटत होते. शंभर झाल्यावर टाळ्या ऐकू आल्या.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "दमलो गं. जरा पडतो."

"पड," मी म्हणाले.

किती दिवसांनी तो आपणहून दमलो म्हणाला होता. मला बरं वाटलं. तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला आणि बघता बघता झोपला. बाहेर मुलांचा गोंधळ चालूच होता. मी गॅलरीत गेले. तारेवर त्याचा पंचा वाळत होता. तो काढला आणि कडीला गाठ मारून बांधला. आई गेल्यापासून ते कुणी केलं नव्हतं, गिरणी बंद होऊन तर जन्म लोटला होता. पण हात आपोआप गेला. मुलांना मी ओठांवर बोट ठेवून दुसऱ्या टोकाला पाठवलं. त्यातल्या एकीने पंचा बघून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "आत माणूस झोपलाय, आवाज करायचा नाही असं आहे ते." ती शहाण्यासारखी टाचा उचलून निघून गेली.

मग मी आत आले, दार लोटलं, आणि त्याच्या पायाशी खुर्ची घेऊन वाचत बसले. पंख्याचा आवाज येत होता. मी पानं अशी उलटत होते की मलाही ऐकू येऊ नयेत. दीड तास. मशीन माझ्या उजव्या हाताला होतं, कापड घालून झाकलेलं, कारण त्याची पाळी रात्री दहाची होती.

चारला चहासाठी हाक मारली तेव्हा तो उठला नाही.

पुढचं सगळं लोकांनी केलं. माणसं जमली. आणि मग ते वाक्य सुरू झालं, जे मी त्या तेरा दिवसांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. झोपेत गेला. किती शांत मरण. भाग्यवान. कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. चुलत घरची एक वहिनी माझा हात धरून म्हणाली, "असं मरण मागून मिळत नाही, वन्सं." मी हात काढून घेतला. मला ओरडायचं होतं की त्याने मागितलं नव्हतं, त्याने चहा मागितला असता. ओरडता आलं नाही. ओरडायचं मला कुणी शिकवलंच नाही.

चौथ्या दिवशी काकी माझ्यापाशी येऊन बसल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी इल्लंय होतंय गो त्या दुपारी. पेज घेवन. कडयेक पंचो बघलंय. म्हटलंय, निजलो आसात, कित्याक उठवा? परत गेलंय."

काकींचा आवाज मजल्याच्या दोन्ही टोकांना जातो. त्या दारात आल्या असत्या तर दादा जागा झालाच असता, आजाराआधी दरवेळी व्हायचा आणि कुरकुरायचा. कधी आल्या होत्या, मी विचारलं. अडीच-पावणेतीन, त्या म्हणाल्या. मी पुस्तक वाचत होते तेव्हा. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, पेजेचं भांडं घेऊन दादाचा जीव उभा होता, आणि मी बांधलेल्या गाठीने त्याला परत पाठवलं.

"तुका सांगूक नको होतां मी," काकी म्हणाल्या.

"बरं केलंत," मी म्हणाले. खोटं बोलले. पण नंतर ते खरं ठरलं, कारण त्या दिवसापासून मी मेंदूवरचं एक इंग्रजी पुस्तक आणून वाचायला लागले.

श्वासाचं मूळ शोधत गेलं की शेवटी त्या देठातल्या एका जागेशी येऊन थांबावं लागतं. दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक झुबका, काही हजारांचा. वाटाण्याहूनही लहान जागा. जन्मल्यापासून मरेपर्यंतचा प्रत्येक श्वास तिथे सुरू होतो. मला सवयीने वाटलं, तिथे कुणी जॉबर असणार, कामगारांवर नजर ठेवणारा, चला लागा कामाला म्हणणारा. तसा कुणी नाही. भोंगाही नाही. चार-दोन पेशी आपसूक चाळवतात, त्या शेजारच्यांना चाळवतात, त्या आणखी कुणाला. पुटपुट वाढत वाढत जाते आणि अचानक सगळ्या एकसाथ उठतात. तो हुकूम खाली जातो, श्वासपटल खाली ओढलं जातं, हवा आत येते. मग सगळ्या गप्प. थोड्या वेळाने पुन्हा कुठेतरी दोन-चार पेशी चाळवतात. एवढंच. माणूस म्हणजे या दोन पुटपुटींमधला काळ.

आणि त्या जागेचं नाव. शेजारच्या भागाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ते एका जेवणाच्या टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून. त्या बाटलीचं नाव त्या भागाला, आणि ही जागा त्याच्या अलीकडे सापडली म्हणून हिला त्याच नावाला 'प्री' लावून. प्री-बॉट्झिंगर. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. ज्या जागेवर सगळ्या माणसांचा जीव टांगलेला आहे तिला कुणीतरी जेवता जेवता बाटलीवरचं नाव दिलं. वर हा किस्सा गमतीने सांगतात. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पुन्हा उघडलं, कारण रागावून ते मिटणं मला परवडणारं नव्हतं.

पुढे लिहिलं होतं ते असं. माणूस जागा असतो तेव्हा त्या पेशींना चारी बाजूंनी टोचणी असते. उजेड, आवाज, बोलणं, नुसतं जागं असणं. शिवाय मेंदूच्या वरच्या भागाची स्वतःची वेगळी वाट असते, मुद्दाम घेतलेल्या श्वासाची. दादा पन्नास वर्षं शिकवत होता तो श्वास त्या वाटेचा. ती वाट त्याची शेवटपर्यंत शाबूत होती. झोपेत मात्र ती वाट बंद होते, बाकीच्या टोचण्या निवतात, आणि उरतो फक्त कर्बवायूचा इशारा. तो ज्याचा गेला, त्याला झोपेत उठवणारं कुणी आत उरत नाही. बाहेरचं कुणी तरी लागतं. मशीन, नाहीतर नर्स, नाहीतर पेजेचं भांडं घेऊन आलेली, मोठ्या आवाजाची शेजारीण.

म्हणजे गॅलरीतला गोंधळ हे त्याचं औषध होतं. मी ते ओठांवर बोट ठेवून बंद केलं.

सुस्काऱ्यांचंही त्याच पुस्तकात होतं. लोक मला म्हणत होते, किती उसासे टाकतेस, मन मोकळं कर. पण सुस्कारा म्हणजे दर काही मिनिटांनी मिटत चाललेल्या फुप्फुसाला उघडायला घेतलेला दुप्पट श्वास. तोही त्याच जागेतून निघतो. दुःख असो नसो, निघतो. माझा देठ शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ.

महिन्याने मी मशीन परत करायला इस्पितळात गेले. ते खिडकीवर देता आलं असतं. पण कपाटाच्या दारावरचा कागद मी सोडवून बरोबर घेतला होता, कोपरा फाटला तरी. वॉर्डात तीच डॉक्टर होती. तिला दादा आठवला. "श्वास धरणारे आजोबा. कसे आहेत?"

"गेले. दुपारी झोपले होते."

तिचा चेहरा बदलला. तिला कळायला एक क्षण लागला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. एका शब्दात कळण्याइतकं तिला ते माहीत होतं. "मशीन लावलं नव्हतं?" तिने विचारलं.

मी कागद टेबलावर ठेवला. "दुपार यात नाही."

तिने तो वाचला. स्वतःचं अक्षर वाचताना माणूस वाचतो तसा, सावकाश. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, वेळ तुम्हीच विचारली होती."

"हो, विचारली," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

माझा आवाज वाढला होता. शेजारच्या टेबलावरच्या नर्सने मान वर केली. मी म्हणाले, "माझे वडील सकाळी नऊला झोपायचे. या भागात अशी किती माणसं असतील, वॉचमन, ड्रायव्हर, तुमच्या इथल्या नर्स. तुम्ही स्वतः कधी झोपता?"

"आज सकाळी," ती म्हणाली. "दोन तास."

त्यावर मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी तिला म्हटलं, कागद घ्या आणि लिहा. तिने खरंच पेन काढलं. मराठी लिहायची तिची सवय गेली होती. मी सांगत गेले, ती अडखळत लिहीत गेली. जागं असताना यांचा श्वास चालतो. झोप लागली की तो थांबू शकतो. दिवस असो की रात्र, डोळा लागायच्या आधी मास्क लावा. मास्क नसेल तर झोपू देऊ नका, उठवा. 'उठवा'खाली मी तिला रेघ मारायला लावली.

"हे प्रत्येकाला द्याल?"

"सांगते वरच्यांना. छापायचं म्हटलं तर त्यांची परवानगी लागते."

"छापेपर्यंत तोंडाने सांगा."

"सांगेन," ती म्हणाली. कागद घडी करून तिने कोटाच्या खिशात ठेवला. तो कोट धुवायला गेला असेल तर कागदही गेला असेल. सांगते की नाही, मला कळायला मार्ग नाही. मी तिला माफ केलेलं नाही. तिने माफी मागितलीही नव्हती. निघताना ती म्हणाली, "तुम्ही नीट काळजी घेतली होतीत, मॅडम." काळजी घेतली होती, हेच तर आहे.

पंचा मी लादी पुसायला काढला आहे. फाटेपर्यंत पुसणार.

हे लिहायला मी दुपारीच बसते. सुट्ट्या लागल्या आहेत आणि मुलं गॅलरीत दादाची शर्यत खेळतात. आज मी खिडकी लोटून लिहीत होते तेव्हा बाहेर काकींचा आवाज आला. "गप बसा रे, ती बिचारी निजली आसात. तिकडे जा खेळूक." आकडे थांबले. बत्तिसावर की तेहतिसावर. मग पायांचा तो आवाज ऐकू आला जो मला जन्मापासून ओळखीचा आहे, टाचा उचलून निघून जाणाऱ्या मुलांचा.

मी उठून दार सताड उघडलं. "काकी, निजले नाही मी," मी म्हणाले. "आणि निजले असले तरी ओरडू देत त्यांना इथेच."

मुलं गॅलरीच्या मधोमध थांबली होती, परत यावं की जावं या विचारात. "या इकडे," मी त्यांना म्हटलं. "पहिल्यापासून मोजा. मोठ्याने."